दावा जिंकल्यानंतरची वसुली



कोर्टात दावा जिंकला म्हणजे पैसे तिजोरीत आले, असा समज आपल्या व्यापारी वर्गात अद्यापि दृढ आहे. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जातात, वकीलसाहेबांची उरलेली फी चुकती होते आणि हुकूमनाम्याची नक्कल लाल फडक्यात बांधून कपाटात ठेवली जाते. पुढे काय करावयाचे, हा विचार बहुधा त्या दिवशी कोणी करीत नाही. १८७२ साली दरभंगा राजाच्या एका प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने असा अभिप्राय नोंदविला होता की, हिंदुस्थानातील पक्षकाराच्या खऱ्या अडचणी सुरू होतात त्या हुकूमनामा हाती पडल्यावरच. त्या अभिप्रायास दीडशे वर्षे उलटून गेली. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने राहुल शहा विरुद्ध जिनेंद्रकुमार गांधी या प्रकरणात, दरखास्त दाखल झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत ती निकालात काढावी, मुदत वाढवावयाची तर लेखी कारणे द्यावीत, असे सर्व न्यायालयांस बजावले. तरीही २०२५ साली त्याच न्यायालयापुढे जी आकडेवारी आली, तीत देशभर ८ लाख ८२ हजारांहून अधिक दरखास्ती तुंबलेल्या आढळल्या. म्हणजे एवढ्या लोकांनी दावा जिंकला आहे आणि तरी ते दारात उभे आहेत.

यात दोष केवळ न्यायालयांचा, असे म्हणून आपणांस मोकळे होता येणार नाही. हुकूमनामा आपणांस एवढेच सांगतो की, अमुक माणसाने अमुक रक्कम देणे आहे. ती रक्कम त्याच्याजवळ कोठे आहे, हे तो सांगत नाही आणि ते शोधून काढणे हे न्यायालयाचे कामही नव्हे. कोणती मालमत्ता जप्त करावयाची, ती कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, हे आपणच दाखवून द्यावयाचे असते. बेलीफ आपल्या बोटाच्या दिशेने चालतो. बोटच दाखविले नाही, तर तो रिकाम्या हाताने परत येतो आणि दरखास्तीवर ‘मालमत्ता मिळून आली नाही’ असा शेरा पडतो. हुकूमनाम्याची वसुली ही मुख्यतः माहितीची व वेळेची बाब आहे. कायद्याची कलमे त्या खालोखाल येतात.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. निकालाने जो लेखी आदेश मिळतो तो हुकूमनामा, आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी पुन्हा जो अर्ज करावा लागतो ती दरखास्त. आमच्या बालाघाट जिल्ह्यात न्यायालयाचे काम हिंदीत चालते, म्हणून तेथे डिक्री, निष्पादन आणि कुर्की हे शब्द कानी पडतात. घरी मराठी बोलणाऱ्या उकव्याच्या दुकानदाराने कुर्की म्हणजेच जप्ती हे ओळखावे. ही सर्व प्रक्रिया १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील आदेश २१ मध्ये आहे. संहितेतील हा सर्वांत लांबलचक आदेश होय. कर्ज बुडविण्याच्या जेवढ्या युक्त्या माणसास सुचल्या, तेवढे नियम त्यात भरत गेले असावेत, असे तो वाचताना वाटते.

वेळेची गोष्ट प्रथम सांगतो, कारण तिची किंमत आमच्या घराने मोजली आहे. मार्च १९७३ मध्ये वडिलांनी एका व्यापाऱ्याविरुद्ध ४,२१८ रुपयांचा हुकूमनामा मिळविला. त्या गृहस्थाचे बाजारात स्वतःच्या मालकीचे गोदाम होते. वडिलांचा स्वभाव मऊ. ते म्हणत, ‘बाजारात रोज तोंड पाहावयाचे, त्याच्या दारावर ढोल कसा वाजवावा?’ तो गृहस्थही दर दिवाळीच्या पाडव्यास येई, ५१ रुपये ठेवी, वहीत सही करी आणि फराळ घेऊन जाई. वडिलांची समजूत अशी की, सही झाली म्हणजे मुदत वाढली. १९८६ साली वडील वारले. ट्रंकेतून हुकूमनामा काढून मी बालाघाटला वकिलांकडे गेलो. त्यांनी तारीख वाचली, बोटांवर वर्षे मोजली आणि कागद घडी करून माझ्यापुढे सरकविला. तेरा दिवाळ्यांचे मिळून ६६३ रुपये आले होते आणि हुकूमनामा वर्षापूर्वीच मेला होता. गोदाम मात्र त्या सर्व काळात जागच्या जागी उभे होते.

चूक कोठे झाली, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ती अनेक पेढ्यांवर आजही होत असते. दावा लावण्यापूर्वी जी उधारी असते, तिची मुदत साधारणतः तीन वर्षांची. ती संपण्यापूर्वी ऋणकोने लेखी कबुली दिली, किंवा काही रक्कम देऊन त्या भरण्याची नोंद आपल्या हस्ताक्षरात वा सहीनिशी केली, तर १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील कलम १८ व १९ अन्वये मुदत नव्याने मोजली जाते. पाडव्यास बाकीवर सही घेण्याची आपली जुनी रीत याच तत्त्वावर उभी आहे आणि ती उत्तम आहे. पण ही सवलत हुकूमनाम्यास लागू नाही. हुकूमनाम्याखालील रक्कम ही कलम १९ पुरती ‘ऋण’ गणली जात नाही, आणि कलम १८ मधूनही दरखास्त वगळली आहे. हुकूमनामा अंमलात येण्याजोगा झाल्यापासून बारा वर्षे, हीच मुदत. उशीर माफ करण्याचा जो सर्वसाधारण अधिकार न्यायालयास असतो, तोही आदेश २१ खालील अर्जांना लागत नाही. खुद्द ऋणकोने शंभर सह्या दिल्या तरी बारा वर्षांची तेरा होत नाहीत.

वडिलांचा मऊपणा मला आजही चुकीचा वाटत नाही; चूक झाली ती तो न्यायालयाबाहेर ठेवण्यात. हप्ते द्यावयाचेच, तर ऋणकोने अर्ज करावा, आपण संमती द्यावी आणि न्यायालयाकडून हप्त्यांचा आदेश घ्यावा, अशी तरतूद आदेश २० मध्ये आहे. हा अर्ज हुकूमनाम्यापासून तीस दिवसांत करावयाचा असतो. असा आदेश झाला म्हणजे बारा वर्षे त्या त्या हप्त्याच्या चुकीपासून मोजली जातात. सवलतही देता येते आणि हुकूमनामाही जिवंत राहतो.

आता माहितीकडे वळू. उकव्यासारख्या गावी हा विषय जितका स्पष्ट दिसतो, तितका मोठ्या शहरात दिसत नाही. बालाघाट-बैहर रस्त्यावरचे हे खाणीचे गाव. १९६२ साली स्थापन झालेल्या मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेडची, म्हणजे आजच्या मॉयलची, भूमिगत खाण येथे आहे. कंपनीचे मुख्य कार्यालय नागपुरास. सभोवार जंगल, गोंड व बैगा यांची गावे, भाताची शेती. येथल्या किराणा वा कापड दुकानदाराच्या खतावणीत खाणीतला कारकून, खाणीचा ठेकेदार, आसपासचा शेतकरी आणि गोंदियाचा एखादा भातगिरणीवाला अशी चार तऱ्हेची खाती असणे अगदी स्वाभाविक आहे. समजा, या चौघांवर प्रत्येकी एक लाख रुपयांचे चार हुकूमनामे एकाच दिवशी झाले. कागद सारखे, शिक्के सारखे. वसुली मात्र चौघांची चार वाटांनी जाते, आणि त्यातली एक वाट सपशेल बंद आहे.

सर्वांत सोपा तो ठेकेदार, जरी तोच सर्वांत जास्त टोपी फिरविणारा असतो. त्याच्या घरी जप्ती न्यावी तर मोटार भावाच्या नावावर, घर पत्नीच्या नावावर. परंतु ज्या कार्यालयात त्याने काम केले, तेथे त्याचे बिल येणे आहे की नाही, हे आधी पाहावे. आपल्या ऋणकोचे पैसे ज्या तिसऱ्याकडे येणे आहेत, त्यास न्यायालयाकडून नोटीस देववून ते पैसे थेट न्यायालयात भरावयास लावता येतात. आदेश २१ मधील नियम ४६ मूळचा आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यास ४६-अ पासूनचे पोटनियम जोडले गेले आणि ही वाट रुंद झाली. बँकेतील शिल्लकही याच मार्गाने हाती येते. यात ढोल नाही, ताळे नाही, बेलीफाची बैलगाडी नाही. बिल मंजूर होण्यापूर्वी नोटीस पोचली पाहिजे, एवढेच. म्हणूनच त्याचे बिल कोणत्या महिन्यात निघते, ही बाजारात सहज कानावर पडणारी बातमी दहा पानी कैफियतीपेक्षा मोलाची ठरते.

कारकुनाच्या बाबतीत हिशेब करावा लागतो. पगाराची जप्ती होते, पण पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन-तृतीयांश भाग संहितेच्या कलम ६० ने मुक्त ठेवला आहे. जप्तीस पात्र पगार ३१,००० रुपये धरला, तर १,००० वगळून ३०,००० उरले. त्यांतील २०,००० त्याचे, १०,००० आपले. दहा महिन्यांत लाखाची फेड होईल. परंतु हुकूमनामा तीन लाखांचा असेल तर? एकाच हुकूमनाम्याखाली पगाराची जप्ती एकूण चोवीस महिनेच चालू शकते. त्यानंतर त्या हुकूमनाम्यापुरता तो पगार कायमचा मुक्त होतो. म्हणजे या मार्गाने २ लाख ४० हजारांच्या पलीकडे जाता येणार नाही, आणि उरलेल्यासाठी दुसरी मालमत्ता शोधावी लागेल. खाणीत अंगमेहनत करणाऱ्या मजुराची मजुरी तर मुळीच जप्त होत नाही. भविष्यनिर्वाह निधीस हात लागत नाही; आयुर्विम्याच्या पॉलिसीच्या रकमेसही नाही. घरातील स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, अंगावरचे आवश्यक कपडे, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने उतरवू नये असे दागिने, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची औते, बैल व बियाणे आणि तो राहतो ते त्याचे घर, हे सर्व जप्तीबाहेर. आपल्या हिशेबाच्या वह्याही त्याच यादीत आहेत, हे वाचून मला थोडी गंमत वाटली. उद्या आपणच ऋणको झालो, तर सर्वस्व गेले तरी वह्या उरतील!

शेतकऱ्याचे खाते मात्र जपून लिहावे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता १९५९ सालची. तिच्या कलम १६५ (७) प्रमाणे कोणाही भूमिस्वामीची पाच एकर बागायत किंवा दहा एकर कोरडवाहू जमीन हुकूमनाम्यापोटी जप्त वा विक्री होऊ शकत नाही. त्याहून अधिक असेल तेवढाच भाग जप्तीस पात्र. आणि आदिम जमाती म्हणून घोषित झालेल्या जमातीतील भूमिस्वामीची जमीन तर, कितीही असो, कोणत्याही हुकूमनाम्याखाली जप्त वा विक्री होत नाही. वर म्हटलेली बंद वाट ती हीच. एका बाजूस लाखाचा हुकूमनामा, दुसऱ्या बाजूस समोर दिसणारी डोलणारी भातखाचरे, आणि मध्ये कायद्याची भिंत. कित्येक दुकानदारांस हे दावा जिंकल्यानंतर कळते.

ही भिंत अन्यायाची आहे, अशी कुरकूर आपल्या बैठकांत ऐकू येते. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे रयतेने मारवाडी व गुजराती सावकारांच्या घरांवर चाल केली. आपल्यापैकी काहींचे पूर्वज याच व्यापारी वर्गातील होते. दंगलखोरांचा रोख माणसांवर थोडा व कागदांवर फार होता. खते, रोखे आणि हुकूमनामे काढून त्यांच्या होळ्या केल्या गेल्या. कारण त्या काळी हुकूमनाम्याच्या जोरावर शेतकऱ्याचे घरदार, जमीन आणि देह, तिन्ही ओढता येत असत. चौकशी-मंडळ बसले आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या मदतीचा कायदा झाला. त्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास अटक करणे बंद केले, आणि खास तारण नसलेली जमीन विक्रीतून वगळली. आपल्या मध्य प्रांतात १९३३ साली कर्ज-तडजोड कायदा होऊन तडजोड-मंडळे बसली. हुकूमनाम्यास मर्यादा नसली की तो जाळला जातो, हे सरकारला त्या होळ्यांच्या उजेडात दिसले. आजची कलमे ही त्या अनुभवाची राख आहे म्हणा ना. दुकानदाराने यातून एवढेच घ्यावे की, ज्या जमिनीकडे पाहून आपण उधार देतो, ती वसुलीच्या वेळी आपल्यासाठी अस्तित्वातच नसते. उधारीची मर्यादा त्याच्या पिकाच्या उत्पन्नावर ठरवावी, एकरांवर नव्हे. शिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करावयाचा, तर सावकारीच्या कायद्याखाली नोंदणी हवी. ती नसेल तर दावाच अडखळतो.

राहिला गोंदियाचा गिरणीवाला. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत बालाघाट आणि गोंदिया, जे तेव्हा भंडारा जिल्ह्यात होते, एकाच राज्यात नांदत होते आणि दोहोंवर नागपूरचे उच्च न्यायालय होते. दुसऱ्या दिवशी विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, आणि आमचे उच्च न्यायालय जबलपूरला झाले. रेल्वे तीच, बाजार तोच, तांदूळही तोच. पण वसुलीच्या कामी मध्ये सीमा आली. आपण बालाघाटला हुकूमनामा मिळविला आणि त्याची गिरणी गोंदियात असली, तर बालाघाटचे न्यायालय ती जप्त करू शकत नाही. कलम ३९ खाली हुकूमनामा गोंदियाच्या न्यायालयाकडे पाठविण्याचा अर्ज करावा लागतो. सोबत हुकूमनाम्याची नक्कल आणि किती रक्कम वसूल झाली वा झाली नाही याचा दाखला जातो. तेथे पोचल्यावर गोंदियाच्या न्यायालयास स्वतःच्या हुकूमनाम्याइतकेच अधिकार असतात. या ये-जा करण्यात बारा वर्षांतील दिवस खर्ची पडत असतात, म्हणून नकला निकालाच्या आठवड्यातच मागाव्यात.

गिरणी भागीदारीची असेल, तर आणखी एक अडचण दावा लावतानाच ओळखावी लागते. पेढीच्या नावाने मिळालेला हुकूमनामा पेढीच्या मालमत्तेवर चालतो. भागीदाराच्या खासगी घरादारावर तो सरळ चालतो, पण ज्याने दाव्यात हजर होऊन भागीदारी कबूल केली, किंवा ज्यास भागीदार म्हणून स्वतंत्र समन्स बजावले गेले, अशांवरच. इतरांसाठी पुन्हा परवानगी आणि पुन्हा पुरावा. म्हणून प्रत्येक भागीदारावर समन्स बजाविण्याचा थोडा जास्त खर्च आरंभीच करावा. तसेच ऋणको वारला तर वारसांवर दरखास्त चालते, परंतु त्यांच्या हाती आलेल्या मृताच्या मालमत्तेपुरतीच. बापाचे ऋण फेडणे हे पुत्राचे पुण्यकर्तव्य, या जुन्या तत्त्वावर एके काळी न्यायालये मुलाच्या वाट्यावरही हात घालू देत. २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीने, जी आपणां जैनांसही लागू आहे, त्यानंतरच्या ऋणांपुरते ते तत्त्व संपुष्टात आणले. आता ते पुत्राच्या मनात असेल तेवढेच.

जागा वा इमारत जप्त झाली म्हणजे ऋणकोने ती विकू नये, असा मनाई-आदेश निघतो, ढोल वाजवून जाहीर होतो, आणि त्यानंतर केलेली खासगी विक्री आपल्या हक्कापुढे व्यर्थ ठरते. पुढे लिलावाचा जाहीरनामा, त्यानंतर निदान पंधरा दिवस वाट, लिलाव, बोलीच्या चौथाईची तत्काळ ठेव आणि उरलेली रक्कम पंधरा दिवसांत. आपणांस स्वतः बोली बोलावयाची असेल, तर आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी. तिच्यावाचून घेतलेला माल पुढे हातचा जाऊ शकतो. ऋणकोस साठ दिवसांत हुकूमनाम्याची रक्कम आणि खरीददारासाठी शेकडा पाच भरून मालमत्ता सोडविता येते. येथे एक सूचना महत्त्वाची वाटते. जप्ती प्रथम कोणी केली, यावर प्राधान्य अवलंबून नाही. दुसऱ्या व्यापाऱ्याने आपल्याच ऋणकोचे गोदाम जप्त केले असे कानी आले, तर विक्रीचा पैसा न्यायालयात येण्यापूर्वी आपली दरखास्त दाखल करावी. म्हणजे कलम ७३ प्रमाणे प्रमाणशीर वाटा मिळतो. पैसा आल्यानंतर धावणाऱ्यास काही मिळत नाही.

आणि मालमत्ता कोठे आहे हेच ठाऊक नसेल तर? ऋणकोस न्यायालयात बोलावून शपथेवर त्याच्या सर्व मालमत्तेची यादी देण्यास भाग पाडता येते. आदेश न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. या नियमाचा, म्हणजे नियम ४१ चा, उपयोग जेवढा व्हावयास हवा तेवढा होत नाही. आपले लोक एकदम अटकेचा अर्ज करू पाहतात.

अटकेविषयी स्पष्ट लिहितो. ती होऊ शकते, पण केवळ पैसे दिले नाहीत म्हणून नव्हे. ऐपत असून बुद्ध्या टाळतो, मालमत्ता लपवितो, पळून जाण्याच्या बेतात आहे, असे काही दाखवावे लागते. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे निःसंदिग्ध शब्दांत मांडले की, दारिद्र्य हा गुन्हा नव्हे. स्त्रीस पैशाच्या हुकूमनाम्यासाठी अटक होत नाही. दोन हजार रुपयांपर्यंतच्या रकमेसाठी कोणासच नाही; पाच हजारांपर्यंत सहा आठवडे, त्यावर तीन महिने, ही कैदेची कमाल. कैद भोगल्याने ऋण फिटत नाही, पण त्याच हुकूमनाम्यासाठी पुन्हा अटकही होत नाही. आणि कैदेत असेपर्यंत त्याच्या निर्वाहाचा भत्ता भरावयाचा कोणी? अर्ज करणाऱ्यानेच! तो भरण्यात कसूर झाली, तर ऋणको सुटतो. आपल्या शास्त्रात अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध ही नावे आहेत. दुसऱ्यास बांधून घालणे व त्याचे अन्नपाणी तोडणे, असा त्यांचा अर्थ. दिवाणी कायदा लिहिणाऱ्यांनी ते ग्रंथ पाहिले नसतील, परंतु निदान दुसरा अतिचार त्यांनी सावकाराच्या खिशातून पैसे काढून टाळला आहे. लबाड ठेकेदारावर अटकेचा अर्ज मी स्वतः करीन. पावसाने पीक गेलेल्या माणसावर करणार नाही. तेथे कायदाही आपली बाजू घेणार नाही.

पुष्कळदा सरळ तडजोड हीच चांगली वसुली ठरते. संवत्सरीला क्षमा मागून आलेला ऋणको मुद्दल देतो, व्याज सोडा म्हणतो. हुकूमनाम्यानंतरचे व्याज कलम ३४ प्रमाणे सामान्यतः शेकडा सहाच्या आत असते. व्यापारी व्यवहारात ते अधिक मिळू शकते. ते सोडावे की नाही, हे ज्याचे त्याने पाहावे. मी बहुतेक वेळा सोडीन. तडजोडीसाठी १९८७ च्या कायद्याखालील लोकअदालत सोयीची आहे. दावा चालू असतानाच तेथे मिटला, तर निवाडा हुकूमनाम्याइतकाच बलवान होतो, त्यावर अपील नसते आणि भरलेले न्यायालयशुल्क परत मिळते.

पण तडजोड झाली आणि रक्कम बाहेर चुकती झाली, तर काम संपले असे समजू नये. न्यायालयाबाहेर दिलेली रक्कम न्यायालयात नोंदविली गेली पाहिजे. न नोंदविलेला भरणा दरखास्त चालविणारे न्यायालय मानीत नाही. नोंद करविण्याचे कर्तव्य पैसे घेणाऱ्याचे, म्हणजे आपले आहे. आपण चुकलो तर ऋणकोनेही तीस दिवसांत अर्ज करावा. आमच्या ट्रंकेतल्या त्या हुकूमनाम्यावर तेरा दिवाळ्यांच्या भरण्यांपैकी एकाचीही नोंद न्यायालयात नव्हती. त्या गृहस्थाने दिलेले ६६३ रुपये केवळ आमच्या वहीत होते. वडिलांच्या जागी एखादा अप्रामाणिक मनुष्य असता, आणि त्याने मुदतीत पूर्ण ४,२१८ रुपयांची दरखास्त लावली असती, तर ते पैसे त्या बिचाऱ्यास दुसऱ्यांदा द्यावे लागले असते. तेव्हा ज्या दिवशी पैसे मिळतील, त्याच दिवशी पावती द्यावी, खतावणीत जमा करावे, आणि पुढल्या तारखेस वकिलांमार्फत तेवढ्या रकमेच्या पूर्ततेचा अर्ज देऊन हुकूमनाम्यावर नोंद करवून घ्यावी.